गरम झाल्यावरच मिस मारणारी जुनी मारुती: नवा कार्बोरेटर टाकण्याआधी काय तपासायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही समजेल. गाडी मारुती ८००, १९९८ ची, कार्बोरेटरवाली. सकाळी आर्वीहून वर्ध्याला निघाली की पहिले पंचवीस-तीस किलोमीटर सुरळीत चालते. मग खरांगण्याच्या आसपास मिसिंग सुरू होतं, म्हणजे इंजिन मधूनच ठोका चुकतं. ॲक्सिलरेटर दाबला की जास्तच झटके देते आणि चढावर बंद पडते. झाडाखाली पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवली की काहीच झालं नाही अशी चालू होते, आणि दहा-बारा किलोमीटरवर पुन्हा तेच. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा धुतला. आता मिस्त्री म्हणून राहिला की नवा कार्बोरेटर टाका. टाकायचा का?

नका टाकू. निदान अजून तरी नाही. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक, चोक (बुजलेला) असता तर आर्वीतून निघतानाही गाडी मिस मारली असती. सावलीत उभं राहून जेट साफ होत नाही. तुमच्या गाडीत असं काहीतरी आहे जे चालताना हळूहळू बिघडतं आणि थांबल्यावर आपोआप सुधारतं. शोधायचं ते हेच आहे, आणि त्याला पार्ट बदलून पाहण्याची गरज पडत नाही.

मिसिंगची गाडी गॅरेजला आली की मी बॉनेट उघडण्याआधी मालकाला विचारतो: केव्हा करते? इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की लोडवर? कोरड्यात की पाऊस पडून गेल्यावर? टाकी भरलेली असताना की कमी असताना? या चार उत्तरांत अर्ध्याहून जास्त दोष सापडतो. मालकाला ही माहिती असते, पण त्याला कोणी विचारत नाही. तो म्हणतो "गाडी झटके मारते", मिस्त्री प्लग खोलतो, आणि खर्चाची गाडी तिथून सुरू होते. उभ्या गाडीत थरथरते पण रस्त्यावर बरी चालते, तर हवा कुठूनतरी आत शिरते आहे, आयडल (उभ्या गाडीतल्या मंद चालीचा) जेट बंद आहे किंवा एखादा वॉल्व्ह नीट बसत नाही. उभी असताना ठीक आणि चढावर, लोडवर मिस मारते, तर पेट्रोल पुरत नाही किंवा लोडखाली ठिणगी तुटते. फक्त पावसाळ्यात, सकाळी दव पडल्यावर मिस मारते, तर डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप आणि प्लग वायर सोडून दुसरीकडे हात घालू नये.

तुमची गाडी गरम झाल्यावर, लोडवर मिस मारते आणि थांबल्यावर सुधारते. याची मोजकीच कारणं आहेत: टाकीत हवा जात नाही, टाकीतली जाळी कचऱ्याने भरते, सक्शनच्या पाइपमध्ये हवा ओढली जाते, पेट्रोलची वाफ होते, किंवा ठिणगी देणारा एखादा भाग गरम होऊन साथ सोडतो. यातला कोणता, हे घरी समजत नाही. गाडी मिस मारत असतानाच, रस्त्याच्या कडेला समजतं. म्हणून पुढच्या वेळी गाडीत एक प्लग पाना, एक चालू स्थितीतला जुना प्लग, जंपर वायरचा तुकडा, पाण्याची बाटली आणि सुती फडकं ठेवा.

मिसिंग सुरू झालं की गाडी बाजूला घ्या आणि सगळ्यात आधी पेट्रोल टाकीचं झाकण हळूच उघडा. कान तिथेच असू द्या. "फुस्स" करून हवा आत ओढली गेली तर समजा सापडलं. टाकीतून पेट्रोल जसं कमी होतं तशी तिच्यात बाहेरची हवा जायला पाहिजे. त्यासाठी झाकणात किंवा टाकीच्या वरच्या नळीत बारीक वाट असते. आपल्याकडच्या धुळीने ती वाट बुजते, नाहीतर कोणीतरी बाजारातलं दुसरंच झाकण बसवलेलं असतं. मग टाकीत ओढ तयार होते आणि इंजिनवरचा पंप पेट्रोल खेचू शकत नाही. वीस-तीस किलोमीटर चालल्यावर मिसिंग, थांबल्यावर हवा हळूहळू शिरली की पुन्हा ठीक: तुमचं लक्षण याच्याशी पुरतं जुळतं. झाकण उघडून लावल्याबरोबर गाडी तडक सुरळीत धावली तर खात्री झाली. झाकण नि हवेची नळी साफ करायची, एवढंच काम. पण बाहेर जाणारी हवाही फुस्स करते, त्यामुळे आवाज आत ओढल्याचा आहे की बाहेर पडल्याचा, हे झाकणाशी हात धरून नीट पाहा. उन्हात तापलेल्या टाकीतून वाफ बाहेर येणं हा दोष नाही.

झाकणाने काही फरक पडला नाही तर लगेच ठिणगी पाहा, इंजिन थंड व्हायच्या आत. एक प्लग वायर काढून त्यात जुना प्लग खोचा, प्लगचा लोखंडी भाग जंपर वायरने इंजिनच्या धातूला जोडा, कार्बोरेटरपासून लांब ठेवा, आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका. कुठे पेट्रोल सांडलेलं किंवा वास येत असेल तर ही तपासणी करूच नका. वायर उघडी लटकवून सेल्फ मारू नका, विशेषतः पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली करंट जोडणारी-तोडणारी टोकं) नसलेल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत. ठिणगीला जायला जागा मिळाली नाही की इग्नायटर जळतो. निळी-पांढरी, टकटक आवाज करणारी ठिणगी दिसली तर इग्निशनची बाजू सध्या सोडा. पिवळी, मरतुकडी, मधूनच गायब होणारी ठिणगी दिसली तर दोष तिथेच आहे.

तुमची कॉइल बदलली आहे, म्हणून कॉइल चांगली असं गृहीत धरू नका. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कॉइल गरम झाल्यावर दगा देतात, हे मी फार पाहतो. त्याआधी कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा छोटा डबा) पाहा, तुमच्या गाडीत पॉइंट असतील तर. कंडेन्सर थंड असताना बरोबर काम करतो, गरम झाला की आतून गळायला लागतो, आणि पॉइंटची टोकं काळी-निळी जळतात. पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवायचा. गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं, म्हणून नुसतं पॉइंट घासून मोकळं होऊ नये, टायमिंग पुन्हा पाहावं. कॉइलकडे येणाऱ्या वायरचा थिंबल, म्हणजे टोकावरची धातूची जोडणी, हाही ओढून बघा. जुन्या गाड्यांत इग्निशन स्विचपासून कॉइलपर्यंत कुठेतरी सैल, हिरवा पडलेला थिंबल असतो. तो तापला की करंट कमी देतो, आणि बिचारी कॉइल विनाकारण बदलली जाते. चालू गाडीत कॉइलच्या प्लसवर मल्टिमीटर लावून पाहिलं की एका मिनिटात कळतं.

आता पेट्रोलची बाजू, कारण माझा अंदाज तिकडेच जातो.

पंचवीस किलोमीटर पळणारी आणि विसावा घेतल्यावर सुधारणारी गाडी म्हणजे टाकीतली जाळी हाही मोठा संशयित आहे. जुन्या टाकीत आतून गंज सुटतो. तो बारीक कचरा चालताना पेट्रोलच्या ओढीने शोषक नळीच्या जाळीवर येऊन बसतो. गाडी बंद झाली, ओढ संपली, की तो पुन्हा तळाशी पडतो. म्हणून थांबल्यावर गाडी नवी होते. टाकीत पेट्रोल कमी असताना हा त्रास लवकर सुरू होतो का, हे जरूर आठवून पाहा. बाहेरचा फिल्टर बदलून याला काही होत नाही, कारण दोष फिल्टरच्या आधी आहे. टाकी खाली उतरवून धुवावी लागते. काम कष्टाचं आहे, पण नव्या कार्बोरेटरपेक्षा स्वस्त.

त्यानंतर पाइप. या गाडीत पेट्रोल पंप, ज्याला आपले जुने मिस्त्री एसी पंप म्हणतात, इंजिनला चिकटून बसतो आणि कॅमशाफ्टवर चालतो. टाकी मागे, पंप पुढे. म्हणजे मधला सगळा पाइप ढकलणीचा नसून ओढणीचा आहे. त्यात टाचणीएवढं छिद्र पडलं तर गाडी चालू असताना पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते. "पाइप कुठेच ओला नाही, म्हणजे चांगला आहे" असं मालकही म्हणतात आणि मिस्त्रीही, आणि नेमकं तिथेच चुकतं. ओला नसलेला ओढणीचा पाइपही फुटका असू शकतो. खात्री करायची तर कॉइलची मधली वायर काढून अर्थ करा (इंजिनच्या धातूला जोडा), कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून काचेच्या बाटलीत सोडा, आणि थंड इंजिनवर सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात यायला पाहिजे. सोबत बुडबुडे येत असतील तर हवा शिरते आहे. धार बारीक असेल तर पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा), जाळी किंवा आतून सुजलेला पाइप.

हा आतून सुजलेला पाइप हल्ली जास्त दिसतो, आणि त्याचं कारण सांगितलं पाहिजे. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर सगळीकडे पोचलं. १९९८ च्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरच्या वॉशर त्या हिशोबाने बनलेल्या नव्हत्या. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, आतला थर सुटतो. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो आणि आतून भोक अर्धं झालेलं असतं. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा नि गंजही सोडवून पुढे पाठवतं. म्हणून अशा गाड्यांत फिल्टर पूर्वीपेक्षा लवकर बदलावा. नवा पाइप घेताना दुकानदाराला इथेनॉलला चालणाराच मागा. मीटरमागे थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

इथेनॉलचा दुसरा परिणाम मिश्रणावर होतो. नुसत्या पेट्रोलच्या १ किलोला जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण १३.५ किलोच पुरते. कंप्युटरवाली इंजेक्शनची गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरला तसं काही कळत नाही, त्याचे जेट जुन्या पेट्रोलच्या मापाचे आहेत. त्यामुळे गाडी थोडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी अशी) चालते: प्लगचं टोक पांढरट, पिकअपला अडखळणं, इंजिन नेहमीपेक्षा गरम. अशा वेळी मिक्स्चर स्क्रू थोडा, पाव फेरीच्या आसपास, रिच (जास्त पेट्रोलच्या) बाजूला घेतला की आयडल नि सुरुवातीचा पिकअप सुधारतो. पण हवेची गळती नाही याची खात्री करूनच स्क्रूला हात लावा, नाहीतर एक दोष दुसऱ्याने झाकला जातो.

आणि वाफ. मे महिन्यात आपल्याकडे, चंद्रपूर-ब्रह्मपुरीपासून वर्ध्यापर्यंत, पारा ४५ च्या आसपास असतो. डांबरावर आणि बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात, आणि इथेनॉल मिसळल्याने मिश्रणाची वाफ होण्याची ओढ आणखी थोडी वाढते. त्यात ओढणीच्या पाइपमध्ये दाब कमी असतो, म्हणून वाफ लवकर होते. पंप द्रव खेचायला बनलेला आहे, वाफ खेचू शकत नाही. म्हणजे चोक झालेला फिल्टर, बुजलेलं झाकण आणि उन्हाळा ही तीन कारणं वेगळी नाहीत. पहिली दोन तिसऱ्याला बळ देतात. म्हणूनच हिवाळ्यात न जाणवलेला दोष एप्रिलमध्ये वर येतो.

वाफेची ओळख सोपी आहे. गाडी मिस मारून थांबली की सुती फडकं ओलं करून पंपावर आणि पंपाजवळच्या पाइपवर ठेवा. डिस्ट्रिब्युटर, वायर आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा तापलेला नळ) यांवर पाणी जाऊ देऊ नका. दोन-तीन मिनिटांत गाडी सुरळीत झाली तर वाफच होती. मग पाइपचा रस्ता डोळ्यांनी तपासा. माझ्याकडे एक ओम्नी आली होती. आधीच्या कोणीतरी प्लास्टिकचा फिल्टर लावताना पाइप लांब पडला म्हणून तो मॅनिफोल्डच्या बाजूने वळवला होता. उन्हाळ्यात ती रोज दुपारी बंद पडायची. पाइप आखूड करून मूळ जागी नेला, फिल्टर गरम भागापासून दूर केला, आणि ती गाडी तेव्हापासून ठीक आहे. कार्बोरेटर आणि त्याच्या खालच्या, इंजिनात मिश्रण नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या मधला जाड इन्सुलेटर फुटलाय किंवा कोणी काढून नुसती गॅस्केट बसवलीय का, हेही पाहा. तो इन्सुलेटर कार्बोरेटरला तापण्यापासून वाचवायलाच असतो.

ओल्या फडक्याने काही झालं नाही, ठिणगी निळी आहे, झाकणातून आवाज नाही, धार जोरात आहे, मग कार्बोरेटरकडे या. पण तिथेही नवा घेण्याआधी एक गोष्ट: इंजिन बंद असताना एअर फिल्टर काढून वरून कार्बोरेटरच्या गळ्यात पाहा आणि हाताने ॲक्सिलरेटर ओढा. पेट्रोलची स्वच्छ पिचकारी उडायला पाहिजे. उडत नसेल तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम गेला आहे. तो रिपेअर किटमध्ये मिळतो. फ्लोटची (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) सुई झिजली, फ्लोटची लेव्हल चुकली, हेही किटमध्ये बसतं. चोकची (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणाऱ्या झडपेची) केबल अर्धवट अडकून राहते का, हेही बघा. डॅशबोर्डवरचं नॉब आत गेलं म्हणजे खाली चोक उघडला असं नाही. काळा धूर, पेट्रोलचा वास आणि गरम झाल्यावर मिसिंग एकत्र दिसलं तर कार्बोरेटर धुण्याआधी ती केबल पाहायची.

ज्यांची गाडी तुमच्यासारखी गरम झाल्यावर नाही तर कायमच मिस मारते, त्यांच्यासाठी वेगळा रस्ता आहे. आयडलवर, जाड कोरडा हातमोजा आणि इन्सुलेटेड पकड वापरून, एकेक प्लग वायर काढून त्या वायरमध्ये अर्थ केलेला जुना प्लग लावा. ज्याची वायर काढल्यावर इंजिनचा आवाज पडतो तो सिलिंडर काम करतो. ज्याची काढून काहीच फरक पडत नाही तो मेलेला. तीन सिलिंडरच्या गाडीत एक मेला की पूर्ण गाडी हलते, त्यामुळे ओळखायला वेळ लागत नाही. मग त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्याशी अदलाबदल करा. मिसिंग प्लगसोबत गेलं तर प्लग, तिथेच राहिलं तर वायर किंवा कॅप. वायरही बदलून काही हललं नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. वायरी परत लावताना या इंजिनचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम) १-३-२ आहे हे विसरू नका. दोन वायरी उलट बसल्याने "इंजिन गेलं" असं सांगितलेली गाडीही माझ्याकडे आली आहे.

प्लगचं टोक वाचायला शिका, ते फुकट मिळणारं उत्तर आहे. बिस्किटी रंग म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे जास्त पेट्रोल किंवा चोक झालेला एअर फिल्टर. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरमध्ये धुळीसोबत रुईचा थर बसतो, आणि तो नुसता झटकून जात नाही. पांढरट टोक म्हणजे लीन. तेलकट ओलं टोक म्हणजे रिंग किंवा वॉल्व्ह सील. गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. कॉम्प्रेशन गेजवर तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ पाहिजेत. एखादा दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर वॉल्व्ह. शेजारचे दोन सोबत खाली असतील तर हेड गॅस्केट. तिन्ही सारखेच खाली आणि पिकअप मेलेला असेल तर टायमिंग बेल्टचा दात सरकलाय का ते आधी पाहा.

पावसाळी मिसिंगची तपासणी अंधारात करा. गाडी चालू ठेवून बॉनेट उघडा, सगळे दिवे बंद करा. वायरींवर किंवा कॅपवर निळ्या बारीक रेषा नाचताना दिसल्या तर करंट तिथूनच बाहेर पळतो आहे. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर कॅप घासू नका, बदला.

तुमच्या गाडीकडे परत येतो. या क्रमाने करा: टाकीचं झाकण, ठिणगी, ओलं फडकं, बाटलीतली धार, टाकीची जाळी. पहिल्या तीन गोष्टी खरांगण्याच्या रस्त्यावरच, गाडी मिस मारत असताना करायच्या आहेत. गॅरेजला नेऊन थंड गाडीवर त्यांचा उपयोग नाही. मिस्त्रीला सोबत घेऊन जाता आलं तर उत्तम, त्याचा दिवसाचा खर्च द्या, तो वसूल होईल. पुढच्या खेपेला तीन गोष्टी लिहून ठेवा: टाकीत पेट्रोल किती होतं, झाकण उघडल्यावर आवाज आला का, आणि ठिणगीचा रंग कोणता होता. ही तीन उत्तरं मला पाठवा, म्हणजे पुढे टाकी उतरवायची की डिस्ट्रिब्युटर खोलायचा, ते नेमकं सांगता येईल. तोवर कार्बोरेटरचे पैसे खिशात राहू द्या.